वर्नियर

पहाटे चारला उठतो. कामावर सातला हजर व्हायचं असतं.
मधले तीन तास बोटांचे.
आधी ती माझी नसतातच,
कुणी रात्रीत आत सिमेंट भरून गेल्यासारखी
वाकळेवर पडून असतात, दहाच्या दहा.
मालन बंबातलं पाणी परातीत ओतते,
मी हात बुडवून बसतो.
अनगोळच्या थंडीत खिडकीची काच धुरकटते.
बोलत कुणीच नाही.
करंगळी वाकली की ती चहा टाकते.

सत्तावीस वर्षं उद्यमबागेत, लेथवर.
अंगठ्यानं जॉब चाचपून सांगायचो,
दोन थाऊ जादा आहे,
आणि मल्लेशी मायक्रोमीटर लावून म्हणायचा, हौदरी.
आता कप दोन्ही हातांनी धरतो
आणि कुणी पाहिलं तर म्हणतो, थंडी आहे.
मे महिन्यातसुद्धा एकदा म्हणालो.

वर्षभर कुणाला सांगितलं नाही.
हात मिळवायची वेळ आली
की खिशात रुमाल शोधायचो.
भाऊ म्हणाला, हे बायकांचं दुखणं गा, तुला कसं झालं?
जसं काही मी मालनच्या ट्रंकेतून चोरून आणलं.

एका रविवारी वर्नियर घरी आणला,
उंबऱ्यावर उजेडात बसून बोटं मोजली.
उजवं मधलं, दुसरं पेर : चोवीस पॉइंट सहा.
डावं मधलं, दुसरं पेर : चोवीस पॉइंट सहा.
तर्जनी इकडे तेवीस, तिकडे तेवीस.
जॉबकार्डाच्या पाठीवर सगळं लिहून काढलं.
इतकं बरोब्बर डावं-उजवं
मला जन्मात जमलं नाही.
कोण कारागीर आत बसलाय,
ऑर्डर कुणाची,
ड्रॉइंग कुणी पास केलं?

अंगठी शहापुरात सोनारानं करवतीनं कापली.
मी कीससुद्धा मागून घेतला.

मंगळवारी सिव्हिलमध्ये रांग.
साठेक बायका, आम्ही चौघं.
नर्स विचारते, कीलुनोवू?
पाटीवर कन्नडात संधिवात, तोंडी मराठीत संधिवात,
ह्या एका शब्दावरनं इथं कधी मोर्चा निघाला नाही.

आम्ही चौघं क्रिकेटवर बोलतो.
एकदा खानापूर डेपोच्या भरमाण्णानं पेन काढलं,
तिकीट मशीनचं बटण मागच्या टोकानं कसं दाबायचं
ते दाखवलं, पत्त्यातली हातचलाखी दाखवावी तसं, हळूच.
मग मी चकची किल्ली काढली :
सायकलच्या ट्यूबचे सात वेढे.
मग कडोलीच्या हलवायानं शर्टाची पट्टी उलटली,
वर बटणं नुसती शिवलेली, आत वेल्क्रो.
इतकं हसलो की नर्सनं दम दिला.

चौथा पोरगा होता, चोविसाचा, नवीन.
तो हसला नाही.
बरा होशील असं कुणी म्हणालं नाही त्याला.
भरमाण्णा एवढंच म्हणाला,
रविवारी सहा गोळ्या घेशील,
सोमवारी घरात भांडण काढू नकोस.
पोरगा बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, गाडीचा क्लच दाबत नाही.

त्याच्यासाठी नायलॉनची जाड मूठ करायला घेतली,
सुट्टी झाल्यावर, मशीन थंड व्हायच्या आत.
अंगठा फिरवून बघितला. बरोबर वाटली.
मल्लेशीनं मायक्रोमीटर लावला,
आकड्याकडं पाहिलं,
मग माझ्या हाताकडं.
काही बोलला नाही.
मूठ परत चकात धरली
आणि राहिलेला कट स्वतःच मारला.

मी मशीन तेवढं बंद केलं.
कोपरानं.